कोहळ्याची स्पर्धा : वजनाची की वाणाची?

कृषी प्रदर्शनात भाताच्या लोंब्या, ज्वारीची कणसे आणि हरभऱ्याचे नमुने ओळीने मांडलेले असतात. परंतु गर्दी थबकते ती एखाद्या अवाढव्य कोहळ्यापाशी. मुले त्यास मिठी मारून पाहतात, वडीलधारी मंडळी वजनाचा अंदाज बांधतात आणि ज्याच्या वाडीत ते फळ धरले त्याचे नाव चार गावांत होते. भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून सुटणाऱ्या म्हातारीची गोष्ट ज्या भाषेत घरोघरी सांगितली जाते, त्या भाषेच्या लोकांस मोठ्या भोपळ्याचे कौतुक वाटावे यात नवल नाही. हे कौतुक शेतीच्या कामी लावता येईल काय, आणि लावावयाचे तर स्पर्धेचे स्वरूप कसे असावे, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या दृष्टीने तर तो विशेष अगत्याचा आहे.

विदर्भात ज्यास कोहळे म्हणतात, ते पश्चिम महाराष्ट्रातील लाल भोपळा, डांगर किंवा काशीफळ होय. पेठा करावयाचा पांढरा कोहळा हे निराळे पीक असून प्रस्तुत विवेचनात त्याचा विचार केलेला नाही.

परदेशातील स्पर्धांचा इतिहास

मोठ्या भोपळ्याची चढाओढ पाश्चात्त्य देशांत शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली आहे. कॅनडातील विल्यम वॉर्नॉक या शेतकऱ्याने १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ४०० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८१ किलोचे फळ मांडले. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे त्याच शेतकऱ्याच्या फळाचे वजन ४०३ पौंड भरले. हा विक्रम १९७६ पर्यंत, म्हणजे तब्बल ७२ वर्षे, कोणासही मोडता आला नाही. पुढे कॅनडाच्याच नोव्हा स्कॉशिया प्रांतातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने अनेक वर्षे निवड व संकर करून ‘अटलांटिक जायंट’ नावाचा वाण सिद्ध केला आणि १९८१ साली त्याच्या फळाने ४९३.५ पौंडांचा विक्रम केला. आजच्या विक्रमी भोपळ्यांचे बियाणे याच वाणाच्या वंशातील आहे. २०१४ साली एका फळाने १,००० किलोची मर्यादा ओलांडली, तर २०२३ साली अमेरिकेत १,२४७ किलोचे फळ तोलले गेले.

या इतिहासातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, ७२ वर्षे अढळ राहिलेला विक्रम मोडून पुढे जी झेप घेतली गेली, तिच्या मुळाशी एका शेतकऱ्याने चिकाटीने केलेली बियाण्याची निवड होती. खते, पाणी व मशागत यांचा वाटा मोठा असला, तरी उत्तम बियाण्यावाचून ती साधने पुरी पडली नसती. दुसरा बोध असा की, एकाच गुणाचा पाठपुरावा केला म्हणजे इतर गुण मागे पडतात. राक्षसी भोपळा वजनास भारी भरतो. पण त्याचा गर पाणचट व बेचव असल्यामुळे तो माणसाच्या ताटात फारसा येत नाही. प्रदर्शन आटोपल्यावर पुष्कळदा तो जनावरांपुढे टाकला जातो किंवा त्याचे खत केले जाते. चार महिन्यांच्या अविश्रांत श्रमांचे फळ एका दिवसाच्या कौतुकात संपावे, हे श्रीमंत देशातील हौशी बागाईतदारास परवडते. कोरची किंवा भामरागड तालुक्यातील लहान शेतकऱ्यास ते परवडणारे नाही.

हवामानाची अडचण

विक्रमी वजनाची नक्कल या भागात करू नये, यास दुसरेही एक कारण आहे. राक्षसी भोपळ्यास लांब दिवस, भरपूर ऊन व थंड रात्री लागतात. ज्या उत्तरेकडील प्रदेशांत हे विक्रम झाले, तेथे उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा असतो. चंद्रपूर सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्यामुळे येथील सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. तोही जूनअखेरीस, म्हणजे आभाळ भरून येते त्याच सुमारास येतो. मे महिन्यात ऊन भरपूर असते, परंतु पारा ४५ अंशांपर्यंत व त्याहीवर चढतो. अशा उष्णतेत वेलास नर फुलांचा भर येतो, मादी फुले कमी लागतात आणि लागलेली कोवळी फळे गळून पडतात. सारांश, येथील ऋतुमान राक्षसी भोपळ्यास अनुकूल नाही. परक्या वाणाचे महाग बियाणे मागवून त्यामागे धावल्यास पदरी भोपळाच येण्याचा संभव अधिक.

याउलट, येथील देशी कोहळे या ऋतुमानास पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहे. मृगाच्या पावसावर उकिरड्यालगत किंवा वाडीच्या कडेला दोन बिया टोचाव्यात, वेल कुंपणावर अथवा घराच्या कवेलूंवर चढवावा आणि दिवाळीच्या सुमारास फळे उतरवावीत, ही पद्धत खेडोपाडी आढळते. वाडी घराला लागून असल्याने रानडुकरांपासून वेलाची राखण करणे सोपे जाते. फळ पक्के झाल्यावर घरात कोरड्या जागी चार-पाच महिने टिकते. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्यास व मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यास कुटुंबच्या कुटुंब रानात जाते, विहिरी आटत असतात आणि ताजी भाजी दुर्मिळ होते. अशा वेळी राखून ठेवलेले कोहळेच घराची भाजी भागविते. त्याच्या पिवळ्या-केशरी गरातून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते व ते डोळ्यांस हितावह असते. कोवळे शेंडे व नर फुले यांची भाजी होते, बिया भाजून खाता येतात आणि सणासुदीस कोहळ्याचे बोंड होते. एवढे उपयोग असलेल्या पिकाचे मोल काट्यावरील एका आकड्यात मावत नाही.

याच जिल्ह्यातील धडा

लहान आकारही गुण ठरू शकतो, याचे उत्तम उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच घडलेले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या भाताच्या शेतात काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी निराळे राखले आणि वर्षानुवर्षे निवड करून नवा वाण सिद्ध केला. मनगटी घड्याळाच्या नावावरून हा वाण पुढे ‘एचएमटी’ म्हणून प्रसिद्धीस आला. त्याचा दाणा मोठा नाही, तो बारीक आहे. त्या बारीकपणामुळे व शिजल्यावरच्या चवीमुळेच तो दूरदूरच्या बाजारांत गेला. दादाजींचे शालेय शिक्षण अल्प व जमीन थोडी होती. त्यांच्या कार्याबद्दल २००५ साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या शेतात एखादा परीक्षक केवळ सर्वांत जड लोंबी शोधत फिरला असता, तर बारीक दाण्याकडे त्याचे लक्षच गेले नसते. स्पर्धेत जे मोजले जाते, तेच शेतकरी पाहू लागतो. आणि जे पाहिले जात नाही, ते हळूहळू वाडीतून नाहीसे होते. म्हणूनच स्पर्धेचे नियम ठरविणे हे वरकरणी किरकोळ वाटले, तरी त्यात मोठी जबाबदारी आहे.

पीक स्पर्धा आणि वाडी

भारतात पीक स्पर्धांची परंपरा स्वातंत्र्योत्तर काळातील पहिल्या वर्षांपासूनची असून सर्वाधिक उत्पन्न काढणाऱ्या शेतकऱ्यास त्या काळी ‘कृषी पंडित’ ही पदवी दिली जात असे. महाराष्ट्राच्या कृषी विभागाच्या पीक स्पर्धेत खरिपाची भात, ज्वारी, तूर, सोयाबीन यांसारखी व रब्बीची गहू, हरभरा, करडई, जवस यांसारखी पिके घेतली जातात. ठरावीक क्षेत्रावरील पीक समितीसमोर कापून उत्पन्न मोजले जाते. शेतातील मुख्य पिकांसाठी ही रीत योग्यच आहे. परंतु वाडीतील वेलास क्षेत्राचे हे माप लागू पडत नाही. ज्या कुटुंबाजवळ सलग मोठे क्षेत्र नाही, त्यास या स्पर्धेत उतरता येत नाही. शिवाय वाडी बहुधा घरातील स्त्रिया सांभाळतात. बियाणे कोणत्या फळाचे ठेवावे, ते राखेत घोळून कोठे ठेवावे आणि लेकीच्या सासरी कोणते पाठवावे, हे निर्णय त्यांचेच असतात. त्या ज्ञानाची नोंद कोणत्याही पीक स्पर्धेत होत नाही.

या ज्ञानाची किंमत काय असू शकते, हे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवून दिले आहे. त्यांनी गावरान वाणांचे बियाणे जमवून बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांच्या कार्यास पद्मश्रीचा मान मिळाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाड्यांतूनही कोहळ्याचे नाना आकार व रंग आढळतात. चपटे व लांबट, धारी असलेले व गुळगुळीत, हिरवट व तांबूस. यांतील कोणते अधिक टिकते, कोणते अधिक गोड आणि कोणत्यावर फळमाशी कमी येते, हे ज्या घराला ठाऊक आहे त्या घरातील वृद्धा गेली की ती माहितीही जाते व पुढच्या पावसाळ्यात बीही जाते. कोहळ्याच्या स्पर्धेत खरे पणास लागलेले आहे ते हे.

स्पर्धा कशी असावी

यास्तव कोहळ्याची स्पर्धा अवश्य भरवावी, परंतु तिचे नियम या भागास साजेसे असावेत. वजन अजिबात मोजू नये, असे म्हणणे योग्य होणार नाही. काटा निःपक्षपाती असतो, गर्दी त्यानेच जमते आणि गर्दीवाचून कृषिविस्ताराचे काम होत नाही. तथापि शंभरांपैकी सर्व गुण त्यास न देता पुढीलप्रमाणे वाटणी करणे हितावह ठरेल. एका वेलावरील सर्व पक्क्या फळांच्या एकूण वजनास ३० गुण, टिकाऊपणास ३०, गराची जाडी, रंग व शिजविल्यानंतरची चव यांस २०, आणि शुद्ध राखलेले बी व त्याची लेखी अथवा तोंडी माहिती यांस २०.

टिकाऊपणाची परीक्षा एका दिवसात होणार नाही. त्यासाठी स्पर्धा दोन वेळा भरवावी. दिवाळीनंतर धान कापणी आटोपली की गावोगावच्या बाजाराच्या दिवशी फळे तोलावीत, प्रत्येकावर खूण करावी आणि ती ज्याची त्यास परत द्यावीत. होळीच्या सुमारास तीच फळे पुन्हा आणून तोलावीत व कापून पाहावीत. ज्याचे कोहळे न सडता, फारसे न सुकता होळीपर्यंत टिकले, तो त्या भागाचा खरा विजेता होय. कापलेल्या फळांची भाजी तेथेच शिजवून सर्वांस वाढावी आणि बिया धुऊन, वाळवून, वाणाचे व घराचे नाव लिहून इच्छुकांस वाटाव्यात. अशा स्पर्धेत काही वाया जात नाही.

स्पर्धेचे ठिकाण जिल्ह्याच्या गावी नसावे. सिरोंच्याहून गडचिरोलीचे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. एवढ्या दूर कोहळे घेऊन जाण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक होईल. प्रथम ग्रामसभा, नंतर तालुका अशी चढती पायरी ठेवावी. कृषी विभागातर्फे पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरविले जातात. त्यांत बी वाटण्याचे व स्पर्धेची नोंदणी करण्याचे काम सहज होऊ शकेल. सिंदेवाही व सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांनी परीक्षकांस शिकवावे आणि उत्तम ठरलेल्या वाणांची लागवड एकत्र करून पाहावी. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यास स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदणी करता येते. स्पर्धेतून पुढे आलेला एखादा वाण या नोंदणीपर्यंत पोहोचला, तर त्याचे श्रेय ज्याचे त्याच्या नावे राहील.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जाण्याचा संभव आहे. पहिला असा की, बाजारात मोठ्या फळास मागणी नाही, मग कोहळ्याच्या स्पर्धेस उत्तेजन कशास द्यावे? शहरातील लहान कुटुंबास लहान फळ सोयीचे वाटते, हे खरेच आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या ‘अर्का चंदन’ वाणाचे फळ दोन-तीन किलोचे, तर ‘अर्का सूर्यमुखी’चे त्याहून लहान असते. परंतु वरील गुणवाटणीत लहान फळांच्या वेलावर अन्याय होत नाही. पाच किलोची सहा फळे आणि तीस किलोचे एक फळ यांस वजनाचे गुण सारखेच पडतात. लग्नकार्याच्या पंक्तीस मोठे फळ लागते व चौघांच्या घरास लहान पुरते. दोन्ही वाण गावात असावेत, यातच गावाचे हित आहे.

दुसरा आक्षेप असा की, चव व बी यांचे गुण देताना पक्षपात होईल. ही भीती अनाठायी नाही. म्हणून चवीची परीक्षा फळांवर नावे न घालता, केवळ क्रमांक घालून करावी आणि परीक्षकांत निम्म्या तरी अनुभवी स्त्रिया असाव्यात. कोहळे कसे शिजते हे ज्यांना रोजच्या कामातून कळते, त्यांच्याहून योग्य परीक्षक दुसरे कोण?

स्पर्धकांस काही सूचना

स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्यांनी जूनमध्ये दोन ते तीन मीटर अंतरावर आळी करून त्यांत चांगले कुजलेले शेणखत घालावे व प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया टोचून पुढे जोमदार रोप राखावे. युरियाचा मारा करू नये. अति नत्राने पाला माजतो, मादी फुले कमी लागतात आणि फळ मऊ होऊन लवकर सडते. रोप लहान असताना लाल भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. ते सकाळच्या वेळी वेचून मारावेत. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे सापळे लावावेत व किडकी फळे खोल पुरावीत. जमिनीवर असलेल्या फळाखाली तणसाचा थर द्यावा.

शुद्ध बियाण्यासाठी हाताने परागीकरण करणे आवश्यक आहे, कारण मधमाश्या शेजारच्या वेलाचे परागही आणतात. उद्या उमलणारी, टोकाशी पिवळी पडलेली नर व मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवावी. मादी कळी तिच्या देठाशी असलेल्या इवल्या फळावरून ओळखता येते. दुसऱ्या दिवशी पहाटे नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातील पराग मादी फुलात चोळावेत, मादी फूल पुन्हा बांधावे आणि फळाच्या देठास खूण करावी. वाण टिकवावयाचा असल्यास एकाच वेलावर विसंबू नये, चार-सहा वेलांचे बी राखावे. देठ वाळल्यावर व सालीत नख रुतेनासे झाल्यावर, चार बोटे देठ ठेवून फळ कापावे आणि कोरड्या, हवेशीर जागी एकमेकांस न लागेल असे ठेवावे. देठ मोडलेले किंवा साल दुखावलेले फळ आधी खावे.

एवढी निगा ठेवणाऱ्याचे कोहळे कदाचित जगातील विक्रमाच्या शतांशही भरणार नाही. परंतु होळीच्या दिवशी ते निकोप निघाले आणि त्याचे बी गावातील दहा घरांत गेले, तर त्या वेलाने आपले काम चोख केले असे म्हणता येईल. या दोन्ही जिल्ह्यांतील कृषी सेवक, ग्रामसभा व महिला बचत गट यांनी येत्या मृगापूर्वीच या दृष्टीने तयारी करावी, हे इष्ट होय.